व्हाय-व्हायच्या कागदावर साहेबांचा निर्णय कधी लिहिला जातो?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या पट्ट्यात क्वालिटीत काम केलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. कस्टमर कंप्लेंट येते, कॅपा, म्हणजे चूक दुरुस्त करून ती परत होऊ नये म्हणून काय केलं त्याचा फॉर्म, भरायचा असतो, आपण व्हाय-व्हाय करायला बसतो, म्हणजे एकामागून एक पाचदा 'का' विचारत मूळ कारण शोधायला. पहिले दोन-तीन 'का' मशीन, टूल, मेजरमेंट यांच्याकडे जातात. चौथ्या-पाचव्याला मात्र उत्तर हमखास एकाच जागी येऊन थांबतं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला रिट्रेनिंग दिलं. खाली सही, फाइल बंद, आणि दोन महिन्यांनी तीच कंप्लेंट परत.

ही पद्धत टोयोटातून आली. साकिची टोयोदा यांच्यापासून तिची सुरुवात सांगतात, आणि टोयोटाचेच इंजिनिअर ताईची ओनो यांनी ती शॉप फ्लोअरवर मुरवली. ओनोंचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन बंद पडलं कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला कारण बेअरिंगला तेल पोचलं नाही, तेल पोचलं नाही कारण पंप नीट ओढत नव्हता, पंप ओढत नव्हता कारण त्याचा शाफ्ट झिजला होता, आणि शाफ्ट झिजला कारण गाळणी नव्हती म्हणून धातूचा कीस आत जात होता. या साखळीत माणसाला दोष देऊन कुठेच थांबलेलं नाही. आपण मात्र माणूस दिसला की थांबतो, आणि तोही सगळ्यात खालचा.

मी जवळून पाहिलेली एक केस सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज येत होता. कागदावर लिहिलं होतं: इन्सर्ट (टूलवरचं बदलता येणारं कापणारं पातं) झिजला, वेळेवर बदलला नाही, ऑपरेटरने ठरलेल्या काउंटच्या पुढे चालवला, निष्काळजीपणा. रिट्रेनिंगची सही तीनदा झालेली. मग नवे प्लँट हेड आले. ते सेकंड शिफ्टला मशीनपाशी जाऊन उभे राहिले आणि ऑपरेटरला एवढंच विचारलं, "आत्ता इन्सर्ट बदलायचा झाला तर काय काय करावं लागेल?" तो म्हणाला, "सर, स्टोअर सहाला बंद होतं. किल्ली जनरल शिफ्टवाल्यांकडे. शिफ्ट इनचार्जकडे दोन इन्सर्ट असतात, ते पुरवून वापरा म्हणतात." पुरवून का? तर कन्झ्युमेबलचा खर्च कमी करा म्हणून वरून मेल आला होता. तो मेल याच प्लँट हेडनी जॉइन झाल्याझाल्या काढला होता.

त्यांनी त्या कागदावर पाचव्या 'का'च्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: "खर्चाची मर्यादा मी ठरवली, ती ठरवताना इन्सर्टचं आयुष्य विचारात घेतलं नाही." खाली तारीख आणि सही. दुसऱ्या दिवसापासून सेकंड शिफ्टला इन्सर्टचा वेगळा डबा लाइनवर आला. ती कंप्लेंट पुन्हा आली नाही.

गुणवत्तेचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग म्हणायचे की बिघाड आणि सुधारणा यांतला ९४ टक्के भाग व्यवस्थेचा, म्हणजे व्यवस्थापनाच्या हातातला असतो. तो त्यांचा अनुभवातून बांधलेला अंदाज होता. आकडा इकडेतिकडे धरला तरी दिशा मला पूर्ण पटते. म्हणून माझं ठाम मत आहे की वरच्या माणसाचं आत्मपरीक्षण हा त्याच्या कामाचाच भाग आहे. 'साहेब स्वभावाने विचारी आहेत' एवढ्यावर ते सोडता येत नाही. ऑपरेटर स्वतःच्या चुकीपर्यंत पोचू शकतो, साहेबांच्या मेलपर्यंत तो पोचू शकत नाही. तिथे साहेबांनाच जावं लागतं.

तुमच्याकडे हे कुणी करताना पाहिलंय का? कशा पद्धतीने? फक्त कारखानाच हवा असं नाही.

---

मीनल_गंगापूर_रोड

धागा आवडला. मी एचआरमध्ये आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आत्मपरीक्षण म्हटलं की आमच्याकडे लगेच ३६० डिग्री फीडबॅकचा फॉर्म निघतो, म्हणजे वरचे, बरोबरचे, हाताखालचे सगळे नाव न देता साहेबांबद्दल मत लिहितात. मोठ्या कंपन्यांत तो नीट चालतही असेल. पण साठ-सत्तर माणसांच्या ठिकाणी 'नाव गुप्त राहील' यावर कुणाचाच विश्वास नसतो. चारच जण साहेबांना रिपोर्ट करतात, त्यात एकच मुलगी, तर 'मीटिंगमध्ये माझं बोलणं तोडलं जातं' हे कुणी लिहिलं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. मग सगळे 'गुड', 'व्हेरी गुड' भरून देतात आणि साहेबांना वाटतं, आपलं बरं चाललंय.

मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सोडून जाणाऱ्यांशी शेवटच्या दिवशी न बोलता तीनेक महिन्यांनी फोन करणं. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे, मिळालेलं असतं, अनुभवाचं पत्र हातात असतं, माणूस मोकळेपणाने बोलतो. तेव्हा पगारापेक्षा जास्त वेळा एक वाक्य ऐकू येतं: "सर ऐकून घ्यायचे, पण निर्णय आधीच झालेला असायचा." हे वाक्य मी माझ्या वरिष्ठांना नावं न घेता जसंच्या तसं वाचून दाखवते. समजावून सांगत नाही. एकाने त्यानंतर मीटिंगची पद्धतच बदलली. आधी सगळ्यांचं, शेवटी त्यांचं.

---

अंबड_जॉबवर्क

सातपूरकर, तुमचा मुद्दा मोठ्या कंपनीला लागू. माझ्याकडे चार व्हीएमसी, दोन सीएनसी अशा कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, वीसेक माणसं. सकाळी आठला लाइट गेली का बघायचं, मग मटेरियल, मग कंपनीच्या परचेसवाल्याचा फोन, दुपारी बँक. कायद्याने ४५ दिवसांत पैसे यायला हवेत, येतात कधी ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री घरी पोचल्यावर कसलं आत्मपरीक्षण? झोप लागली तरी पुष्कळ झालं. ज्याच्याकडे केबिन आणि सेक्रेटरी आहे त्याने करावं हे.

राग मानू नका, मनापासून विचारतोय. एवढं सगळं सांभाळून वेळ काढायचा कुठून?

---

देवळाली_निवृत्त

जय हिंद. तोपखान्यात नोकरी झाली, काही वर्षं देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकवायला होतो. म्हणून जे माहीत आहे ते सांगतो.

लांब पल्ल्याच्या तोफेवर जे जवान असतात त्यांना गोळा कुठे पडला ते दिसतच नाही. मध्ये डोंगर असतो. ते पुढे बसलेल्या ओपीला, म्हणजे निरीक्षकाला दिसतं. तो वायरलेसवर सांगतो: दोनशे पुढे, शंभर डावीकडे. तोफेवरचा माणूस त्यावर वाद घालत नाही. 'मी तर बरोबर लावली होती' असं म्हणत नाही. सुधारणा लावतो आणि पुढचा गोळा सोडतो. वरच्या हुद्द्यावरच्या माणसाचं असंच आहे. आपला शब्द खाली कुठे जाऊन पडला हे त्याला बसल्या जागेवरून दिसत नाही. डोळे मिटून कितीही विचार केला तरी दिसणार नाही. म्हणून मी म्हणेन, आत्मपरीक्षण एकट्याने होत नाही. पुढे बसवलेला आणि न घाबरता 'शंभर डावीकडे' म्हणणारा एक माणूस लागतो. मीनलताई त्या फोनवरून तेच करतात.

अमेरिकी सैन्यात १९८० च्या दशकात आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू नावाची पद्धत रुळली. कॅलिफोर्नियात फोर्ट अर्विनला त्यांचं नॅशनल ट्रेनिंग सेंटर आहे, तिथून ती पसरली. चार प्रश्न असतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. बसताना हुद्दा बाजूला ठेवायचा. सराव चांगला झाला तरी बसायचं, हे महत्त्वाचं. फक्त फसलं की बसलात तर लोक त्या बैठकीला शिक्षा समजतात.

अंबडवाले बंधू, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच. फायरिंग रेंजवरही वेळ नसतो. चार प्रश्नांना दहा मिनिटं लागतात. शिफ्ट सुटताना दारातच उभ्याउभ्या होतं.

---

वाचक_नाशिकरोड

निवृत्त साहेब, ओपीचं उदाहरण कायम लक्षात राहील. वाचतोय.

---

द्राक्ष_दिंडोरी

शेतकरी माणूस, पॅकहाउसही चालवतो, म्हणून लिहितो. २०१० चा हंगाम आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही.

तेव्हा युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि कंटेनर अडकले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला, घड चांगला धरायला ते मारायची पद्धत जुनीच. निर्यातीआधी आपण नमुने तपासत होतो, रिपोर्ट पास येत होते. पण ज्या रसायनांची तपासणी करायची त्या यादीत सीसीसी नव्हतंच! यादीत नाही म्हणून लॅब शोधत नाही, लॅबला सापडत नाही म्हणून माल स्वच्छ, असं ते चाललेलं. भाव कोसळले, पैसे बुडाले, कित्येकांनी निर्यात सोडली.

पहिल्यांदा गावोगाव चर्चा काय होती? 'कोणत्या शेतकऱ्याने मारलं?' एकमेकांवर बोटं. बरेच दिवस त्यातच गेले. खरा प्रश्न निराळा होता: यादी कुणी केली, आणि आपण सगळ्यांनी ती पुरी आहे असं का धरलं? तो प्रश्न विचारल्यावर गोष्टी हलल्या. यादीत भर पडली. फवारणीची नोंद प्लॉटनिहाय ठेवणं, काढणीआधीचे दिवस मोजणं लोकांनी गांभीर्याने घेतलं. ज्या म्होरक्यांनी तेव्हा 'आमच्या मार्गदर्शनात काय कमी पडलं' असा विचार केला, त्यांच्या मागे शेतकरी आजही उभे आहेत. ज्यांनी शेतकऱ्यांवर ढकललं त्यांचे गट फुटले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सातपूरकरांच्या इन्सर्टची गोष्ट वाचताना मला तीच यादी आठवली. पास-नापास बघणं सोपं असतं. पास कशाला म्हणायचं हे ठरवणारे आपणच असतो, ते तपासणं जड जातं.

---

सिस्टर_पंचवटी

दवाखान्यातला अनुभव सांगते. पण आधी एक संशोधन, कारण त्याने माझे विचार बदलले.

एमी एडमंडसन या अभ्यासक १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीमच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले. जिथे नेतृत्व चांगलं तिथे चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, म्हणून त्या कागदावर दिसत होत्या. बाकीच्या ठिकाणी घडत असून दिसत नव्हत्या.

आमच्या वॉर्डच्या आधीच्या इनचार्ज सिस्टर रजिस्टरमध्ये महिनाभर एकही इन्सिडंट नसला की खूश व्हायच्या. नंतर आलेल्या मॅडमनी कोरं पान बघून विचारलं, "महिन्याभरात एकही डोस उशिरा गेला नाही? तुम्हाला मला सांगावंसं वाटू नये असं माझ्याकडून काय झालंय?" सगळ्या गप्प. मग एका नवीन मुलीने सांगितलं की राउंडला पेशंटसमोर ओरडा बसतो, म्हणून. मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं की पेशंटसमोर इथून पुढे कुणालाही बोलणार नाही, आणि ते पाळलं. पुढच्या महिन्यात रजिस्टर भरायला लागलं. वरून विचारणा झाली की तुमच्या वॉर्डात चुका वाढल्या कशा. त्यांनी ते स्वतःवर घेतलं, आम्हाला पुढे केलं नाही.

साहेब लोकांना माझी विनंती आहे. तक्रार नाही, चूक नाही, सगळं शांत आहे, अशा वेळी आधी स्वतःकडे बघा.

---

मानस_कॉलेजरोड

मी मानसशास्त्र शिकवतो. चर्चा फार चांगली चाललीय, त्यात एक धोका नोंदवतो.

टाशा युरिच यांनी सुमारे ५००० लोकांवर केलेल्या संशोधनात दिसलं की बहुतेकांना आपण स्वतःला ओळखतो असं वाटतं, पण त्यांच्या निकषांत खरोखर बसणारे १० ते १५ टक्केच निघतात. त्यांनी असंही मांडलंय की अनुभव आणि अधिकार वाढले की स्वतःबद्दलचा अंदाज जास्त चुकू लागतो. एक कारण सरळ आहे. वर गेल्यावर खरं सांगणारे कमी होतात.

धोका असा की नुसतं आत बघण्याने माणूस शहाणा होतोच असं नाही. 'मी असा का वागलो?' हा प्रश्न स्वतःला विचारला की मन हाताशी असलेलं कारण पुढे करतं: टीमच तशी आहे, त्या दिवशी डोकं दुखत होतं, माझा स्वभावच परखड आहे. खरं कारण आपल्यालाही ठाऊक नसतं, पण उत्तर मिळाल्याचं समाधान मिळतं. काहींचं उलट होतं. ते तीच गोष्ट रात्रभर उगाळत बसतात आणि सकाळी आणखी थकलेले असतात. म्हणून युरिच 'का'ऐवजी 'काय' विचारायला सांगतात. काय घडलं? मी नेमके कोणते शब्द वापरले? त्यानंतर समोरच्याने काय केलं? आता काय बदलता येईल?

मग सातपूरकरांच्या पाच 'का'चं काय? मला वाटतं दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मशीनला, पद्धतीला 'का' विचारावं, कारण तिथे जाऊन उत्तर तपासता येतं. गाळणी आहे की नाही ते उघडून दिसतं. स्वतःला 'काय' विचारावं, कारण स्वतःबद्दलचा 'का' तपासायला आपल्याकडे फार काही नसतं. त्या प्लँट हेडनी लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. 'मी असा का वागलो' याची चिकित्सा त्यात नाही. काय ठरवलं आणि ठरवताना काय सुटलं, एवढंच आहे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी डबा आला.

---

लाइन_नंबर_तीन

मी वर्कर आहे. ठेकेदारामार्फत. कधी लिहीत नाही, पण हे वाचून लिहावं वाटलं.

साहेब आत बसून काय विचार करतात ते आम्हाला दिसत नाही. दिसतं ते बाहेर आल्यावर. रिजेक्शन झालं की बहुतेक सुपरवायझर येऊन पहिलं विचारतात, "मशीनवर कोण होतं?" आमचे आत्ताचे लाइन इनचार्ज येऊन विचारतात, "काल किती टार्गेट दिलं होतं, आणि कुणी दिलं होतं?" एवढाच फरक. पण या दुसऱ्या प्रश्नानंतर पोरं बोलायला लागतात. कुणी सांगतं फिक्स्चरचा क्लॅम्प ढिला आहे, कुणी सांगतं गेज दुसऱ्या लाइनला नेलंय.

आणि एक. आम्हाला 'मोकळेपणाने बोला' सांगतात. परमनंट माणूस बोलू शकतो. ठेकेदाराच्या माणसाला संध्याकाळी फोन येतो, उद्यापासून येऊ नको. कारण सांगत नाहीत. त्यामुळे साहेबांनी आधी हे बघावं की बोलल्यामुळे कुणाचं काम गेलं का. ते एकदा जरी झालं असेल तर पुढची चार वर्षं कुणी तोंड उघडत नाही.

---

मीनल_गंगापूर_रोड

लाइन नंबर तीन दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. ठेकेदाराकडून कुणाला बंद केलं आणि का, याची नोंद कंपनीच्या एचआरकडे असतच नाही. ती मागून घेणं माझ्या हातात आहे.

---

सातपूरकर

एवढे चांगले प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

अंबडवाले, तुमच्या प्रश्नावर बराच विचार केला. तुम्ही म्हणता हे केबिनवाल्यांचं काम. मला उलटं वाटतं. मोठ्या कंपनीत एक चुकीचा निर्णय शोधायला पाच विभाग धुंडाळावे लागतात. तुमच्याकडे दर तुम्ही देता, ऑर्डर तुम्ही घेता, तारखेचा शब्द तुम्ही देता, माणूस तुम्ही लावता. शनिवारी रात्री घाईघाईत सेटिंग झालं आणि लॉट गेला, तर त्या घाईचा उगम तुमच्या फोनवरच्या 'देतो सोमवारी' या दोन शब्दांत असू शकतो. सापडायला एक मिनिट लागेल आणि दुरुस्त करायला कुणाची परवानगी नको. वेगळा वेळ काढूच नका. लॉट रिजेक्ट झाला की रिजेक्शन स्लिपच्या मागे एक ओळ लिहा: यात माझं काय ठरवलेलं होतं? बस.

मानस सर, 'का' आणि 'काय' हे मला फार पटलं. आमच्या कॅपाच्या नमुन्यात पाच 'का'च्या खाली मी आता वेगळी चौकट टाकतोय, आणि ती फक्त विभागप्रमुख किंवा त्यावरच्याने भरायची. तीन ओळी:

या घटनेशी जोडलेला माझा कोणता निर्णय, टार्गेट किंवा मर्यादा होती?
ते ठरवताना कुणाला विचारलं नव्हतं?
आता काय बदललं, आणि कधीपासून?

'काय बदलणार' असं लिहू द्यायचं नाही. 'काय बदललं' असंच. ऑडिटरने विचारलं तर ही चौकट कुठल्या क्लॉजमध्ये बसते, ते मी बघून घेईन. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात नेतृत्वाची जबाबदारी स्वतंत्र कलमात आहेच, पाचव्या.

---

देवळाली_निवृत्त

दुसरा प्रश्न उत्तम. त्याच्या उत्तरात तुमचा ओपी कोण असायला हवा होता ते कळतं.

---

अंबड_जॉबवर्क

सातपूरकर, 'देतो सोमवारी' वाचून थोडा वेळ थांबलो. मागच्या महिन्याच्या स्लिपा काढून बघितल्या. सगळ्यांच्या मागे नाही, पण बऱ्याच लॉटची तारीख शनिवारची आहे. उद्यापासून तारीख देण्याआधी सेटरला विचारणार. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, शेठ, मग फोन मलाच द्या. बघू, खरंच देतो एकदा.

---

लाइन_नंबर_तीन

सातपूरकर सर, एक सुचवू का? साहेब काय लिहितील ते आम्हाला पण दिसलं पाहिजे. बोर्डवर लावा. आणि मराठीबरोबर हिंदीतही लावा. आमच्या लाइनला निम्मी पोरं यूपी-बिहारची आहेत. इंग्रजीतला कॅपा कुणीच वाचत नाही.

---

सातपूरकर

बरोबर आहे. नमुना मराठी आणि हिंदीत करतो. हिंदी मसुदा उद्या-परवा इथेच टाकतो. शब्द शॉप फ्लोअरवरचेच आहेत ना, ते तुम्ही एकदा बघून द्या.